उंदीर छापणाऱ्या छाप्याची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना छापा आहे. पोलीस घालतात तो छापा नव्हे. मी लोखंडाचा, हाताने दांडा ओढून कागदावर अक्षरे उमटवणारा छापा. तुम्ही माझ्याजवळ येऊन उभे राहिलात की मी आधी तुमचे हात पाहतो. ते स्वच्छ असले तर मला बरे वाटत नाही. माझ्या उमेदीच्या काळात स्वच्छ हातांचा माणूस छापखान्यात शिरला, की तो एकतर भाडे मागायला आलेला असे किंवा कानोसा घ्यायला. स्वभावच संशयी झाला माझा, त्याला इलाज नाही. तो तसा का झाला ते ऐका, आणि ऐकताना माझ्यावरही फार भरवसा ठेवू नका.

न्यूयॉर्कच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. मी साच्यातून बाहेर पडून थंड झालो, तेव्हा ओतणाऱ्या कारागिराने हातोडी घेऊन मला जागोजागी वाजवून पाहिले. आत कुठे पोकळी राहिली असेल, असा त्याला संशय होता. पोकळी नव्हती. मग मला सुटे करून पेंढ्यात गुंडाळले, बोटीत चढवले, बोटीतून बैलगाडीत घातले आणि मॅसॅच्युसेट्समधल्या टॅनर्स फॉल्स गावी आणले.

नदीकाठी कापडाच्या गिरण्या होत्या, आणि गिरणीची घंटा झाली की सगळे गाव उठत असे. उजाडायच्या आत माग सुरू होत आणि दिवे लागल्यानंतर बंद होत. मागावर बहुतेक मुलीच होत्या, शेतावरची घरे सोडून आलेल्या. दिवसाला दहा तासांपेक्षा जास्त काम नको, एवढेच त्यांचे मागणे होते. ते मागणे गावोगाव पोचवण्यासाठी ‘विणकरांची हाक’ नावाचे साप्ताहिक निघाले, आणि ते माझ्यावर छापले जाऊ लागले.

साप्ताहिकाचा मालक आणि संपादक एलिफलेट वेदरेल हा मूळचा जोडे शिवणारा. माणूस प्रामाणिक होता, पण डोक्यात राख घालून घ्यायला त्याला वेळ लागत नसे. माझा दांडा ओढायचा तो म्हातारा तोबायस नट. शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, एकेक करून जुळवायची ती जरूशा पेल. जरूशा आधी गिरणीत होती. दहा तासांच्या अर्जावर लोकांच्या सह्या गोळा केल्या म्हणून तिला काढले होते, आणि एका गिरणीने काढलेल्या मुलीला त्या खोऱ्यातली दुसरी कोणतीही गिरणी दारात उभी करत नसे. तिची बोटे चपळ होती. मागावरचे तुटलेले सूत जोडता जोडता ती तशी झाली होती.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. शुक्रवारी अंक निघाला की मुली तो घडी घालून एप्रनच्या आत लपवत आणि गिरणीत नेत. जिला वाचता येई ती मागाच्या खडखडाटात शेजारणीच्या कानाशी तोंड नेऊन वाचे. मुकादम झडत्या घेत. आपल्यामुळे कोणाची तरी झडती घेतली जाते, याचा मला तेव्हा मोठा अभिमान वाटे.

अंकात गिरणीतल्या मुलींची पत्रे येत. खाली खरे नाव नसे. ‘एक विणकर मुलगी’, ‘तिसऱ्या मजल्यावरची’ अशी सही असे. एका पत्रात मजल्यावरच्या खिडक्या खिळे ठोकून बंद केल्याचे लिहिले होते. ते छापून आले आणि दुसऱ्याच दिवशी हुल्दा नावाच्या मुलीला गाठोडे बांधायला सांगितले. पत्र तिचेच होते. पुढच्या अंकानंतर एस्थर नावाची मुलगी गेली. पत्र तिचेच होते. कंपनीला नावे कोण पुरवते, हे कोणालाच कळेना. छापखान्यात आलेली ती पत्रे या खोलीबाहेर जात नव्हती.

मी एकेकावर नजर ठेवली. वेदरेलवर ठेवली, कारण त्याने जुने जोडे टाकून नवे घेतले होते. तोबायसवर ठेवली, कारण म्हातारी माणसे दमतात आणि दमलेला माणूस स्वस्तात मिळतो. जरूशावरही ठेवली. पण सगळ्यांत जास्त ठेवली ती कॉर्मॅक हॅनराटीवर. तो आयरिश जुळारी नवीन आला होता. खिळे जुळवताना तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटे, आणि ते कोणालाही समजत नसे.

खोलीत आणखी एक व्यक्ती असे. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून अंकांच्या घड्या घालणाऱ्या डॉर्कस मावशी. गिरणीतल्या मुलींसाठी कंपनीने खानावळीसारखी घरे बांधली होती, त्यातले एक मावशी चालवत. हुल्दा आणि एस्थर त्यांच्याच घरी राहत. चळवळीसाठी आपलाही हात लागावा म्हणून त्या फुकट घड्या घालायला येत, आणि जाताना माझी पितळी पट्टी पदरासारख्या एप्रनच्या टोकाने पुसून जात. संशयाचा एवढा साठा माझ्याजवळ, पण मावशींच्या वाट्याला त्यातला कणही आला नाही.

एस्थर गेली त्या आठवड्यात वेदरेलच्या संयमाचा बांध फुटला.

“काल गिरणीचा कारभार बघणाऱ्या त्या एजंटाच्या गाडीवानाशी काय कुजबुजत होतास रे?” त्याने हॅनराटीला सगळ्यांदेखत विचारले.

“कुजबुजत नव्हतो, मालक, भांडत होतो,” हॅनराटी हातातले काम न थांबवता म्हणाला. “तो माझ्या गावाकडचा. आमच्या आजोबांच्या वेळची एक गाय आहे मध्ये.”

“गाय?”

“गाय केव्हाच मेली. भांडण अजून दूध देतंय.”

जरूशा फिसकन हसली. वेदरेलचा चेहरा आणखी लाल झाला.

“तू या गावात पाय ठेवलास आणि हुल्दा गेली. आता एस्थर गेली. हे कसं काय?”

“मी आलो त्या दिवशी पाऊसही पडला होता. तोही माझ्याच नावावर टाका.”

“जीभ फार चालते तुझी.”

“तिच्यावर पोट चालत असतं तर तिकडेच वकील झालो असतो. इथे तुमच्या शिशाची धूळ कशाला खात बसलो असतो?”

मग मात्र हॅनराटीने हातातली खिळे जुळवायची पट्टी खाली ठेवली. त्याचा आवाज बदलला. “हे बघा, मालक. आळ घ्यायचा तर रीतसर घ्या. शनिवारी चॅपेल बोलवा. मी सगळ्यांसमोर उभा राहतो, विचारायचं ते विचारा. चॅपेल ठरवेल ते मला मान्य. मला बायको नाही, पोर नाही, शेत नाही. या धंद्यातलं नाव तेवढं आहे. ते असं उभ्या उभ्या घेऊ नका.”

मित्रांनो, इथे दोन शब्द सांगायला हवेत. छापखान्यातले कामगार आपल्या पंचायतीला ‘चॅपेल’ म्हणतात. कोणी कोणाचा खिळा चोरला, कोणी कोणाला शिवी दिली, कोणावर आळ आला, सगळ्याचा निवाडा तिथे होतो. सगळ्यांत जुन्या कामगाराला ‘चॅपेलचा बाप’ म्हणतात. एरवी चॅपेल म्हणजे प्रार्थनाघर, पण आमच्या चॅपेलचा देवाशी, प्रार्थनेशी काही संबंध नाही; पंचायत यंत्राभोवतीच भरते. दुसरा शब्द ‘उंदीर’. जो सोबत्यांशी फितूर होतो त्याला छापखानेवाले उंदीर म्हणतात, आणि त्याचे नाव छापून सगळीकडे पाठवतात. एकदा उंदीर ठरलेल्या माणसाला कुठल्याही गावच्या छापखान्यात काम मिळत नाही. गिरणीमालक मुलींची जी गत करत, तीच गत.

तोबायस चॅपेलचा बाप होता. तो म्हणाला, “माणूस बरोबर बोलतोय. शनिवारी, गिरणी सुटायची घंटा झाली की चॅपेल. बाहेर कोणी तोंड उघडायचं नाही.”

“बरं,” वेदरेल म्हणाला. मावशी खाली मान घालून घड्या घालत होत्या.

पण अंक शुक्रवारी निघायचा होता. गुरुवारी वेदरेलने हॅनराटीला कागद आणायला नदीपलीकडच्या गावी पाठवले, आणि स्वतः खिळ्यांच्या पेटीसमोर उभा राहिला. त्याने जुळवलेला मजकूर मोठ्या अक्षरांत होता. वर ‘उंदीर’, खाली कॉर्मॅक हॅनराटीचे नाव, त्याखाली: हा कंपनीचा हेर आहे, कोणी याला काम देऊ नये.

जरूशा येऊन मध्ये उभी राहिली. “मालक, शनिवारपर्यंत थांबा ना. तुम्हीच तर हो म्हणालात.”

“शनिवारी निवाडा झाला तर छापायला पुढचा शुक्रवार उजाडेल. तोवर आणखी एका पोरीचं गाठोडं बांधलं जाईल. तुझं बांधलं होतं तेव्हा कसं वाटलं होतं?”

“म्हणूनच म्हणतेय. मलाही कोणी विचारलं नव्हतं.”

“तू बाजूला हो.”

तोबायसने दांड्याला हात लावला नाही. “आधी शिक्षा छापायची आणि मग निवाडा करायचा? काय म्हणायचं याला?”

“याला वर्तमानपत्र म्हणतात,” वेदरेल म्हणाला, “आणि ते माझं आहे. ओढ दांडा.”

तोबायसने दांडा ओढला. मी दाबले. मला हात नाहीत की मी थांबवावे, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही तो आयरिश माणूस चोरच वाटत होता. शुक्रवारी सकाळी गठ्ठे डाकगाडीवर चढले. त्या काळी एका गावचे वर्तमानपत्र दुसऱ्या गावच्या वर्तमानपत्राला आपला अंक फुकट पाठवी आणि हवे ते उचलून छापू देई. म्हणजे आमचे पान बोस्टनला जाणार, ऑल्बनीला जाणार, फिलाडेल्फियाला जाणार.

हॅनराटी परत आला तेव्हा जुळवलेले पान अजून माझ्या अंगावरच पडून होते. खिळे उलटे असतात, पण जुळाऱ्याला ते सुलट्यासारखेच वाचता येतात. तो वाकला. त्याने आपले नाव वाचले.

“नाव बरोबर जुळवलंय,” तो म्हणाला. “सहसा लोक दोनपैकी एक टी गाळतात.”

शनिवारी घंटा होताच तो वेळेवर हजर झाला, स्वच्छ सदरा घालून. तोबायस मध्ये स्टुलावर बसला, वेदरेल भिंतीला टेकून, जरूशा खिडकीशी. कोणी सुरुवात करायच्या आतच दार उघडून टेकडीवरच्या मेथडिस्ट प्रार्थनाघराचा म्हातारा झाडूवाला धापा टाकत आत आला.

“तुम्ही लोकांनी काय लावलंय हे?” तो ओरडला. “कंपनीचा एजंट शिपाई घेऊन आमच्या चॅपेलवर येऊन धडकलाय! आत बायका उद्यासाठी बाकं पुसतायत. प्रत्येकीचं नाव विचारतोय मेला. म्हणतो, आयरिश माणसाची बैठक कुठाय, गिरणीतल्या पोरी कुठे लपवल्यात! पाद्रीणबाईंनी साबणाच्या पाण्याची बादली ओतली त्याच्या टोपीवर!”

खोलीत हशा उसळला. तोबायसच्या डोळ्यांत पाणी आले. वेदरेलसुद्धा पोट धरून हसला. हॅनराटी हसता हसता म्हणाला, “बरं झालं, या महिन्याची अंघोळ झाली त्याची.” मला हसता येत असते तर मीही हसलो असतो. म्हटले ना, पोलीस घालतात तो छापा वेगळा.

पहिल्यांदा हसू थांबले ते जरूशाचे.

“पण एजंटाला चॅपेलचं कळलं कुठून?” ती म्हणाली. “हा शब्द आपण याच खोलीत उच्चारला होता.”

वेदरेल सवयीने हॅनराटीकडे पाहू लागला. जरूशाने त्याला तोडले. “त्यांच्याकडे काय बघता? छापखान्यातला माणूस चॅपेल म्हटल्यावर टेकडीवर जाईल का? तुम्ही जाल? मी जाईन? ज्याने निरोप पोचवला, त्याला आपला शब्द माहीत नव्हता. त्याने नुसता ऐकला.”

“हा तर डब्लिनला स्वतः चॅपेलचा बाप होता,” तोबायस हळूच म्हणाला.

आता वेदरेल खाली पाहू लागला. तेवढ्यात दार पुन्हा उघडले. डॉर्कस मावशी आल्या. हातात दर शनिवारसारखे काकवीत शिजवलेल्या घेवड्याचे मडके होते. मडके ठेवून जावे, अशा बेताने त्या आल्या होत्या. आत सगळ्यांना बसलेले पाहून त्या उंबऱ्यातच थबकल्या.

“अगं बाई! तुम्ही इथेच? चॅपेलला नाही गेलात?”

हॅनराटीने पुढे होऊन त्यांच्या हातातले मडके घेतले आणि टेबलावर ठेवले. “कोणत्या चॅपेलला, मावशी?” त्याने विचारले. त्याचा आवाज इतका मऊ होता की मला तो ओरडण्यापेक्षा वाईट वाटला.

मावशींना समजले. त्या घड्यांच्या टेबलाशी आपल्या जागेवर बसल्या. “घर कंपनीचं आहे,” त्या म्हणाल्या. “छप्पर त्यांचं, चूल त्यांची. एजंट म्हणाला, मावशी, पत्रं कोण लिहितं तेवढं सांगा, नाहीतर घर दुसऱ्या बाईला देतो. पोरी माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून लिहायच्या. मला विचारायच्या, मावशी, हे बरोबर लिहिलं का गं?”

“आणि तू सांगायचीस?” जरूशाने विचारले.

“सांगायची. एकदा एस्थरचं एक वाक्य मी नीट करून दिलं.” मावशी रडू लागल्या. “मला वाटलं, पोरी तरुण आहेत, आईबापांकडे शेतावर परत जातील. मी या वयात कुठे जाणार होते?”

त्यांचे रडणे खरे होते की नाही, याचा मी आजही विचार करतो. बहुतेक खरे असावे. एस्थर शेतावर गेली नाही, एवढे मला पुढे कळले. तिला शेत नव्हतेच.

वेदरेल खिळ्यांच्या पेटीकडे वळला. त्याची बोटे ‘उंदीर’ शब्दाची अक्षरे उचलू लागली होती.

“निवाडा झाला का?” हॅनराटीने विचारले.

वेदरेल थांबला.

“चॅपेल बसलंय, मालक. आधी निवाडा, मग काय ते. माझं मत विचाराल तर म्हातारीचं नाव छापू नका. पोरींना सांगा, घर बदला. ते पुरे. माझं नाव डाकगाडीतून गेलं, ते काही तिचं छापून परत येणार नाही.”

चॅपेलने तेच ठरवले. म्हणून मित्रांनो, मावशींचे खरे नाव मीही तुम्हाला सांगितलेले नाही. डॉर्कस हे मी दिलेले.

पुढच्या शुक्रवारी पहिल्या पानावर, आमच्याकडे होती त्यांतल्या सर्वांत मोठ्या अक्षरांत क्षमापत्र छापले. जरूशाने ते स्वतः जुळवले आणि वेदरेलने खाली आपली पूर्ण सही घातली. माणूस खोटा नव्हता. चूक झाली ती त्याने चारचौघांत मान्य केली. पण उंदीर सापडल्याची बातमी गावोगावच्या पत्रांनी झडप घालून उचलली होती. उंदीर नव्हता, ही बातमी फारशी कोणी उचलली नाही. तिच्यात चवच नव्हती.

दहा तासांचा अर्ज विधिमंडळाने फेटाळला. वर्गणीदार गळाले, आणि ‘विणकरांची हाक’ बंद पडली. हॅनराटी शेवटच्या अंकापर्यंत थांबला, मग काम शोधायला पश्चिमेकडे निघाला. जाताना त्याने क्षमापत्राचा एक अंक मागून घेतला आणि कोटाच्या आत ठेवला.

छापखाना किरकोळ कामांवर चालू होता; हॅनराटी भेटल्याचे तिथे आलेल्या एका भटक्या जुळाऱ्याने आम्हाला सांगितले. जिथे जावे तिथे छापखान्याच्या दाराशी उंदरांच्या जाहिराती चिकटवलेल्या असत, आणि त्यांत हॅनराटी असे. तो कोटातून अंक काढून क्षमापत्र दाखवी. उघडून उघडून तो कागद घडीवर फाटला होता. लोक वाचत, मग त्याच्या काळ्या बोटांकडे पाहत आणि म्हणत, “हे तूच छापलं असशील. तुला काय कठीण आहे?”

हे ऐकून जरूशा खिळ्यांच्या पेटीवर डोके टेकून रडली. मला त्या दिवशी स्वतःची घृणा वाटली. ज्या दाबाने मी खोटे छापले, त्याच दाबाने खरे छापले होते; कागदावर दोन्ही सारखीच दिसत होती.

पुढचे माझे आयुष्य सांगण्यासारखे नाही. लिलावाच्या जाहिराती छापल्या, सर्कशीच्या छापल्या, सगळे रोग बरे करणाऱ्या औषधांच्या छापल्या. नवी वाफेची यंत्रे आली तेव्हा मला एका कोठारात ढकलले. तिथे कोंबड्या माझ्यावर बसत. कोंबड्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्या कोणाचे नाव घेत नाहीत.

आता मला रंग देऊन संग्रहालयात आणले आहे. संग्रहालय कुठे आहे म्हणाल, तर त्याच बंद पडलेल्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर. माझ्या शेजारी काचेत ‘विणकरांची हाक’चे एकच पान लावले आहे. बाकीचे अंक कुठे मिळाले नाहीत म्हणतात. ते पान उंदराचे आहे. खाली पाटी आहे: ‘चळवळीतील फितुराचा पर्दाफाश’. शाळेची मुले येतात, उंदीर शब्द वाचून खिदळतात आणि मोठ्याने ते नाव वाचतात. परवा एका मुलीने विचारले, “हा माणूस खरंच फितूर होता का?” बाई म्हणाल्या, “होता ना. छापलंय की तिथे.”

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आमची काळजी घ्या, आम्हाला पुसा, तेल घाला. मला तेल नको. गंज चढला तर चढू द्या. तुमच्यापैकी कोणी इकडे आलेच, तर कागदाचा एक तुकडा घेऊन या, त्यावर लिहा की कॉर्मॅक हॅनराटी फितूर नव्हता, आणि तो त्या काचेवर चिकटवा. पण हाताने लिहा. छापून आणू नका.